परमिट

किडनी काढली तेव्हा वाटलं, मिटलं.
दोन वर्षांनी ती बया सापडली डाव्या खुब्याच्या वाटीत,
आकडा टाकून बसलेली.
दहा वेळा शेकून झालं. गोळ्या झाल्या,
त्यांनी दुपार आणि रात्र एक झाली,
पोट आठ-आठ दिवस कुलूपबंद.
खुबा मात्र जागाच.

शेवंता कूस बदलायची तरी गादी हलायची,
गादी हलली की मी ओरडायचो.
चाळीस वर्षांच्या संसारानंतर
तिनं फरशीवर सतरंजी टाकली.

डॉक्टर बोरस्त्यांनी कागदावर खुबा काढला,
वाटीत लिंबू ठेवावं तसा.
त्यावर तीन बारीक रेघा.
"मांडीच्या मोठ्या नसेला हात लावायचा नाही,
तिच्यावर पाय चालतो.
ह्या फांद्या नुसत्या निरोप्या.
सुईच्या टोकानं भाजायच्या, ऐंशी डिग्री, दीड मिनिट."
म्हणजे फिडर चालू ठेवून सर्व्हिस वायर तोडायची, मी म्हटलं.
ते हसले. "काका, कुठं होता नोकरीला?"
कुठं नव्हतो?
मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव.

"आणि आकडा? तो निघतो का ह्यानं?"
"नाही. तो तसाच राहील.
फक्त त्याची तक्रार वर पोचणार नाही."

असलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं,
आग तशीच ठेवून घंटा काढायची.
रात्रभर मन कबूल होईना.
पहाटे चारला खुब्यानंच सही केली.

आधी एकदा नुसतं बधिर करून पाहिलं.
सहा तास मिळाले.
त्यात मी स्वतःच्या पायानं संडासला गेलो,
दार आतून लावलं,
आणि काम झाल्यावरही उगाच बसून राहिलो.

मग मंगळवार. त्र्यंबक नाक्याजवळचं हॉस्पिटल,
गार टेबल, वर फिरता एक्स-रे.
"दोन व्होल्ट सोडतोय, पाय उडतो का सांगा."
दोन व्होल्ट!
अकरा हजारांखाली छत्तीस वर्षं काढली
आणि दोन व्होल्टला दात आवळून पडलोय.
नाही उडाला.
"आता भाजतो."
तोंडून निघून गेलं, "परमिट घेतलंय ना?"

थिएटरातल्या पोरी हसल्या.
त्यांना देवराम खैरनार माहीत नाही.
आडगावचा खांब, लाइन बंद, परमिट खिशात,
आणि कुण्या मंगल कार्यालयाचा जनरेटर
मागून उलटा आला तारेत.
देवरामच्या हातातली पक्कड खाली पडली नाही,
बराच वेळ.
तेव्हापासून बंद तारेवर माझा विश्वास नाही.

"परत येईल का हे?"
"नसा वाढतात पुन्हा. सहा महिने, आठ.
आल्या तर परत भाजू."
मी महिने मोजले नाहीत.
शेवंतानं मोजले. पदराखाली अंगठा
पेरांवरून सरकताना दिसला मला,
आणि एका पेरावर थांबला.

आठ दिवस उलट जास्तच दुखलं.
बोरस्त्यांच्या सात पिढ्या मी मनातल्या मनात काढल्या.
नवव्या रात्री जाग आली, कशानं ते कळेना.
सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी
डीपी गुणगुणत होती.
किती महिने झाले होते तिला ऐकून.
तेल कमी झालंय तिच्यातलं, उद्या कळवायला हवं.

"शेवंता, वर ये."
"हलेल ना."
"हलू दे."

ती आली. गादी तिच्या अंगानं खचली,
मी थोडा तिच्याकडे घरंगळलो.
मग दोघंही श्वास धरून पडून राहिलो अंधारात,
बंद म्हणून सांगितलेल्या तारेला
पहिल्यांदा लावतात तसा,
तळहात नाही,
उलटा हात लावून.